दोन आटे

सर, तुमच्या शोकसभेला मी शेवटच्या रांगेत होतो. तुम्ही आर्वीत विज्ञान आणले असे एक वक्ता म्हणाला, तेव्हा खोकल्याचे निमित्त करून मी बाहेर आलो. विज्ञान! तुम्हाला सोल्डरचा कच्चा डाग आणि पक्का डाग ओळखता येत नव्हता. तुम्ही बी.एस्सी., बी.एड.; मी मॅट्रिकला दोनदा नापास, तुमच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुणारा अटेंडंट. पण ट्रान्झिस्टरचा कोणता पाय कशाचा, हे मी सेल आणि मीटर घेऊन स्वतः शोधले होते. तुम्ही पुस्तकातली आकृती फळ्यावर उतरवायचे, तीही चुकीची, आणि वर्ग सुटल्यावर ती मी पुसायचो.

ते विमान घ्या. इंजिन तुमचे, कबूल. तुमच्या साळ्याने कलकत्त्याहून आणलेले, अंगठ्यापेक्षा जरासे मोठे. बाकी सारे माझे. पंख बांबूच्या कामट्यांचे, वर पतंगाचा कागद. आणि रिसीव्हर तर मुळापासून माझा, साबणाच्या डबीत मावणारा. रिलेसाठी, म्हणजे सुकाणू वळवणाऱ्या विजेच्या खटक्यासाठी, तार मी फुटक्या हेडफोनमधून उलगडली. केसाहून बारीक, तीनदा तुटली, तीनदा पहिल्या वेढ्यापासून गुंडाळली. कॉइल नऊ वेढ्यांची, आत स्क्रूसारखा फिरणारा गाभा; तो फिरवून लहर जुळवायची. इअरफोन कानाला लावला की रिसीव्हर सारखा सूंऽऽ करत राहतो, तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा. लांबून कुणी ट्रान्समीटरचे बटण दाबले की एकदम गप्प. गप्प झाला म्हणजे त्याने ऐकले. मग रिले टक् करतो आणि शेपटीचे सुकाणू वळते. गाभा फिरवायला लोखंडी पेचकस चालत नाही, लोखंड जवळ आले की जुळवणी सरकते. म्हणून विणकामाची प्लास्टिकची सुई घासून मी तिला पाते काढले होते. ती कायम माझ्या शर्टाच्या खिशात असायची.

प्रदर्शनाच्या सकाळी शाळेच्या मैदानावर टेबल मांडले आहे. विमानापुढे पुठ्ठ्याची पाटी: संकल्पना व निर्मिती, आणि खाली तुमचे नाव. एकट्याचे.

"सर, माझं नाव?"

"तुहं नाव कायले? अटेंडंटचं नाव पाह्यलं तं सभापती इचारन, मंग सर काय करत होते? सहायकाच्या जागेचं बोलतो ना मी हेडसरांशी. गप राह्य."

ती सहायकाची जागा! दोन वर्षे तुम्ही ती माझ्या नाकासमोर धरली आणि दोन वर्षे मी तुमच्या घरचा रेडिओ, पंखा, इस्त्री, सगळे दुरुस्त करत राहिलो.

मग तुम्ही विमानाच्या नाकाला कुंकू लावलेत, झेंडूचा हार घातलात, चाकाशी नारळ ठेवलात. आणि तुमची नजर एरियलवर गेली. दोन हात तार, शेपटीमागे लोंबणारी.

"हे काय लोंबून राह्यलं? फोटोत कसं दिसन? काप."

"सर, एरियल आहे. ह्याच लांबीवर जुळवलं सारं."

"तू मले फिजिक्स शिकवतं का बे? सभापती येऊन राह्यले. काप लवकर."

मी पकडीने कापली. वीतभर ठेवली. जीपमधून सभापती उतरताच तुमची बोली इस्त्री केल्यासारखी सरळ झाली: "साहेब, हे विमान अदृश्य लहरींच्या आज्ञेत आहे!"

विमानाने आज्ञा एकदाच पाळली, उडताक्षणी, ट्रान्समीटरच्या अगदी जवळ असताना. पहिले वळण घेतले, आणि मग सरळ एस.टी. डेपोवरून पुढे पऱ्हाटीच्या, कपाशीच्या वावरांकडे निघाले. तुम्ही बटण दाबताय, दाबताय, विंचू मारावा तसे. सभापती म्हणाले, "सर, तुमच्या इमानानं कारंज्याची गाडी धरली वाट्टे!" सारे मैदान हसले. आणि तुम्ही माझ्याकडे बोट केलेत. "अटेंडंटचं काम आहे, साहेब. अर्धवट ज्ञान."

त्यानंतर तुम्ही टेरिलिनच्या पँटीत विमानामागे धावलात. मी धावलो नाही. जागा दुसऱ्याला मिळाली, मी नोकरी सोडली, दुकान टाकले. त्या दुकानात हायवेवरच्या जाम गावापासूनचे ट्रकवाले टेप दुरुस्तीला आणतात आणि मी प्रत्येकाला हा किस्सा सांगतो: बी.एस्सी. मास्तराने फोटोसाठी एरियल कापायला लावली. लोक पोट धरून हसतात. तुमची नक्कल मला छान जमते.

एक भाग मात्र मी गाळतो. तार कापल्यावर मी इअरफोन लावून पाहिला होता. तुम्ही दहा पावलांवर उभे राहून हेडसरांना बटण दाबून दाखवत होता, आणि कानात सूंऽऽ तसेच चालू होते. एरियल तोडली की कॉइलची जुळवणी सरकते, हे आर्वीत एकट्या मला ठाऊक होते. सुई खिशात होती. अर्ध्या मिनिटाचे काम. मी पाटीकडे पाहिले, इअरफोन काढला, डबी बंद केली आणि म्हणालो, "रेडी, सर."

तिसऱ्या दिवशी एका शेतकऱ्याने डबी पिशवीत घालून आणून दिली. त्याच वीतभर तारेवर मी गाभा फिरवून पाहिला. दोन आटे. मैदानाच्या पार टोकावरून एका पोराने बटण दाबले तरी सूंऽऽ गप्प होत होते.

ती डबी आज समोर आहे. हा कागद घडी करून तिच्यातच ठेवीन. वाचायला तुम्ही नाही, आणि दुसऱ्या कुणी वाचू नये.

त्या दिवशी तुम्ही परत आलात ते घामाने भिजून, एक चप्पल हातात, दुसरी वावरात गेलेली. पाहुणे निघून गेले होते. माझ्याजवळ येऊन हळू विचारलेत, "काऊन गेलं रे ते?" इतक्या वर्षांत तुम्हाला न येणारे काही तुम्ही मला विचारले, ते तेवढेच.

मी म्हणालो, "तार कापली ना, सर." तुम्ही मान खाली घातलीत, आणि मी ती तशीच राहू दिली.