डब्यातली यादी

९ जानेवारी १९९८, धुळे
आज जमलं एकदाचं. चार दिवस मॅन्युअलची झेरॉक्स उशाशी घेऊन झोपतोय. 'स्क्रीन' म्हणून प्रोग्राम आहे. एकाच टर्मिनलवर तीन-चार खिडक्या उघडता येतात, एकीत पत्र, दुसरीत यादी. आज त्यात कॉपी-पेस्टही बसवलं. कंट्रोल-ए आणि कंस. जिथून हवं तिथे स्पेस, जिथपर्यंत हवं तिथे पुन्हा स्पेस. दुसऱ्या खिडकीत जाऊन कंट्रोल-ए आणि उलटा कंस, की अख्खी यादी हजर. कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये एकट्यानेच टाळ्या वाजवल्या. शिपाई डोकावून गेला.

१२ जाने.
नानांना दाखवलं. नाना म्हणजे आमच्या कॉलेजचे टायपिस्ट. तीस वर्षं तीच खुर्ची, एप्रिलअखेर रिटायर. आजवर आपलं एक पत्र चुकून परत आलेलं नाही, हे दिवसातून एकदा तरी ऐकवतात.
बघून म्हणाले, "म्हंजे बिनकागदना कार्बनच शे हाऊ."
हाताने टाइप केलं की प्रत्येक नाव डोळ्याखालून जातं, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, नाना, बैलगाडीतूनही प्रत्येक झाड दिसतं, म्हणून काय मुंबईला बैलगाडीने जायचं? हसले. कळा मात्र वहीत लिहून घेतल्या, सुवाच्य अक्षरात.
रिटायर झाल्यावर देवपुरात घराच्या ओट्यावर टायपिंग क्लास काढणार आहेत. दोन जुनी मशीनं घेऊन ठेवलीत. पाटीसुद्धा रंगवून आणली!

२ फेब्रु.
याद्या माझ्या लॉगिनमध्ये, पत्रं नानांच्या. मी प्रिंट काढून खाली ऑफिसात द्यायची, त्यांनी ती परत टाइप करायची, हा काय शहाणपणा! आज तोडगा काढला. मी कॉपी केलेलं एका फाइलीत टाकायचं, नानांनी त्यांच्या टर्मिनलवर ते तिथून काढून घ्यायचं. टाकायची एक कळ, काढायची एक. फाइलीचं नाव ठेवलं 'डबा'.
मॅन्युअलमध्ये लिहिलंय, ही फाइल सगळ्या युजरांना मिळून एकच. नवं टाकलं की जुनं जातं. प्रत्येकाचा वेगळा डबा करता येतो, दहा मिनिटांचं काम. करू सवडीने.
एचओडी खूश. मार्चमध्ये पर्मनंटसाठी इंटरव्ह्यू आहे. टेम्पररीचं हे तिसरं वर्ष.

१९ फेब्रु.
गडबडीचा दिवस. हजेरी कमी म्हणून टर्म मिळणार नाही, अशी पत्रं पालकांना जायची होती. यादी डब्यात टाकून नानांना इंटरकॉमवर सांगितलं, काढा. ते चहा घेऊन बसतो म्हणाले. मधल्या वेळात नव्या लेक्चररला डब्याची गंमत दाखवली. समोर दीपनगरची यादी होती (पॉवर स्टेशन बघायला जाणाऱ्या मुलींची), तीच टाकून दाखवली. तोंडात बोट घातलं त्याने. संध्याकाळी पत्रं सह्या होऊन पोस्टात.

२४ फेब्रु.

सकाळी सावद्याकडचे एक केळीवाले एचओडींच्या केबिनमध्ये. हातात आमचं इंग्रजी पत्र, गावातल्या मास्तरांकडून वाचून घेतलेलं. आवाज कॉरिडॉरभर. "हजेरीच नसन त मंग कायले ठेवाची तिले आठी?" मुलगी सुवर्णा, सेकंड इयर, एक लेक्चर चुकवत नाही. रडत बॅग भरली. आम्ही मस्टर काढून बघेपर्यंत बाप तिला घेऊन स्टँडवर गेलासुद्धा.
मस्टरमध्ये तिची हजेरी चांगली. मग बाकीची पत्रं पाहिली. एकूण चार. चारही नावं दीपनगरच्या यादीतली, त्याच क्रमाने. नाना चहा पीत होते तेव्हा मी डब्यातली यादी बदलली होती.
एचओडींनी मला विचारलं, "नानांना जमत नाही का हे?"
मी म्हणालो, "वय झालं सर. होतं असं."
हे मी म्हणालो. कुणी वदवून घेतलं नाही.

२६ फेब्रु.
नाना स्वतःच निघाले सावद्याला, मुलीला परत आणायला. मला म्हणाले, चल सोबत. नाही कसं म्हणणार? वाटेत नशिराबाद लागलं, माझं गाव. तिथेच उतरून घरी पळावंसं वाटलं.
त्या माणसाच्या अंगणात नानांनी हात जोडले. "भाऊ, चूक मनी शे. पोरले काही बोलू नका." माणूस वाईट नव्हता. नानांचे पांढरे केस बघून नरमला, आम्हाला जेवू घातलं, आईने मुलीची बॅग परत भरली. मी दोन भाकरी खाल्ल्या. लाज वाटली नाही मला, भूक लागली.
परतीच्या बसमध्ये सुवर्णा पुढच्या सीटवर झोपली. नाना आपली बोटं उघडून बघत होते. म्हणाले, "मना हात चुकना रे. तीस वरीसमा पहिल्यांदा."
एरंडोल गेलं, पारोळा गेलं. एक वाक्य बोलायचं होतं. इंटरव्ह्यूला तीन आठवडे...

५ मार्च
वेगळे डबे केले. मोजून आठ मिनिटं लागली.

११ मार्च
नानांना मेमो. 'संगणक विभागाच्या अभिप्रायानुसार वयोमानामुळे...' संगणक विभाग म्हणजे कोण? मीच की. नानांनी सही करून घेतला, पोच फाइलला लावली, तिचं पंचिंगही सरळ.
आता साधं रजेचं पत्रही तीनदा वाचतात. तिसऱ्यांदा वाचताना ओठ हलतात.

२० मार्च
पर्मनंट झालो. घरी फोन केला, आई रडली. पेढे वाटले. नानांनी पाठीवर हात ठेवला, पेढा अर्धा खाल्ला, अर्धा बायकोसाठी, आमच्या अक्कांसाठी, रुमालात बांधला.
आता भीती कशाची? आता सांगू शकतो. उद्या.

३० एप्रिल
नानांचा निरोप समारंभ. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. एचओडी नानांच्या अचूकतेबद्दल बोलले आणि मध्येच अडखळले. नाना दोनच मिनिटं बोलले. क्लासचं कुणीतरी विचारलं, तर म्हणाले, रद्द. ज्याचा हात चुकतो त्याने पोरांना शिकवू नये.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, ते नम्रपणे बोलले असं समजून. मीपण वाजवल्या.

१७ मे
नानांकडे जायचं म्हणून सायकल पांझरा नदीच्या पुलापर्यंत नेली. ऊन फार, असं स्वतःला सांगून वळवली. भित्रा तो भित्राच.

२४ जून
आज गेलो. पूल ओलांडला, देवपुरात घर सापडलं. नाना ओट्यावर गहू निवडत बसलेले. कोपऱ्यात क्लासची पाटी, भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. दोन्ही मशीनांवर जुन्या साडीचे तुकडे.
बसलो आणि सांगून टाकलं. डबा सगळ्यांना मिळून एक होता, मी मध्येच दुसरी यादी टाकली, तुम्ही काढली ती माझी. तुमचा हात चुकला नाही नाना. कधीच चुकला नाही. वय झालं असं सरांना सांगणाराही मीच. एका दमात बोललो, पाठ केल्यासारखं.
मला वाटलं रागावतील. खरं तर वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल, आणि मलाही. निर्लज्जपणे तेवढ्यासाठीच गेलो होतो.
नानांनी सूप खाली ठेवलं. मग विचारलं, "हाई तुले कधय समजनं?"
"त्याच दिवशी. ते सावद्याचे आले तेव्हाच."
"म्हंजे सावद्याले जावाना आगोदर."
मी मान हलवली.
बोटांवर मोजलं त्यांनी. मार्च, एप्रिल, मे, जून. उठले, जाताना पाटीकडे पाहिलं, आत गेले.
अक्कांनी दोन कप चहा आणून ठेवला. नाना कुठे म्हणून त्यांनी आत पाहिलं, मग माझ्याकडे. माझा कप प्यायलो. दुसऱ्यावर साय धरली, तरी बाहेर आले नाहीत.
निघताना अक्कांना म्हटलं, परत येईन. त्यांनी साय धरलेला कप उचलून आत नेला. पाटी होती तशीच होती. ती सुलटी करायला हात पुढे केला होता मी, पण ते काम माझं नव्हे.