वाटबघी

४ ऑगस्ट
आई फोनवर म्हणाली — "पायरीखाली वाटबघी फुललीय."
कोण वाटबघी?
"अगं, ती बारकी निळी फुलं. तण गं!"
मी उडालेच! रानफुलांच्या पुस्तकासाठी लोकांच्या तोंडची नावं गोळा करायची, ती कशी पडली ते शोधायचं — हेच तर माझं काम. या निळ्या फुलाची जागा अजून रिकामी. आणि नाव निघालं माझ्याच घरात!
मागून बाबा — "घरातली पहिली पदवीधर, आणि तणाची बारशी करतेय!"
"कधी येतेस?" आई. पुस्तक झालं की, म्हटलं. नेहमीचंच.

५ ऑगस्ट
टिपण लिहिलं. 'ऊन आल्याशिवाय हे फूल उघडत नाही. सूर्याची वाट बघतं, म्हणून वाटबघी.' झकास! ज्यांना कुणी विचारत नाही त्यांचे शब्द छापले जायलाच हवेत. घर सोडलं ते यासाठीच.
वाचून दाखवायला खोलीत कुणी नाही. भिंतीला वाचून दाखवलं.

७ ऑगस्ट
संपादकबाई म्हणाल्या, "एका घरात म्हणतात ते लाडाचं नाव. दुसऱ्या घरातही म्हणतात का बघ, मग छापू."
बरोबर आहे त्यांचं. तरी माझं तोंड एवढंसं झालं. डबा एकटीनं खाल्ला. बाकीचे खिडकीपाशी हसत होते — माझ्यावर नसावेत.

९ ऑगस्ट, रविवार
दिवसभर कुणाशी बोलले नाही. संध्याकाळी दुकानदाराला "पाव द्या" म्हटलं, तर आवाज घोगरा निघाला.

१० ऑगस्ट
गावी शेजारच्या काकूंना फोन लावला.
"वाटबघी? हो की! आता आम्हीही तेच म्हणतो."
जिंकले! नाव कसं पडलं? उन्हावरून ना? — मीच सुचवलं. काकू खो खो हसल्या.
"कसलं ऊन, वेडे! तू गेल्यापासून आई पायरीवर बसते, रस्त्याकडे डोळे लावून. दुपारची गाडी आली, तू उतरली नाहीस, की आत जाते. तोवर फुलंही मिटतात. मीच चिडवलं — तू वाटबघी नि ही तुझी फुलं! तर म्हणते, फुलांनाच म्हण हो ते. पोरीच्या कानावर जायला नको."


११ ऑगस्ट
टिपण परत घेतलं. बाई म्हणाल्या, "दोन घरं झाली की! आता काय?"
कारण चुकलंय, म्हटलं.
रजा मिळाली. उद्या दुपारच्या गाडीनं उतरेन. आईला कळवलेलं नाही — बसलेली असेलच.