गोभीशिवाय रुजू होणे नाही

जयेंद्रगंज, लश्कर, ग्वाल्हेर
संक्रांतीच्या आधी, १९५७

रा. रा. शरच्चंद्ररावांच्या सेवेशी,

श्रीपादचा साष्टांग नमस्कार. भोपाळचे पाणी तुम्हांला मानवले असेल आणि वहिनींच्या गुडघ्याने तिथल्या चढ-उतारांशी जमवून घेतले असेल, अशी आशा आहे. इकडे तुमच्या भगिनी खुशाल आहेत; माझ्याशी बोलत नाहीत, एवढेच.

नवे राज्य झाले, कचेरी भोपाळला गेली, टेबलखुर्च्याही गेल्या, आणि मी अजून इथेच कसा, असे तुम्ही विचारलेत. कारण सरकारी आहे. निरोपाच्या चहाला साहेब म्हणाले, "श्रीपादराव, थोड़ी छुट्टी ले लीजिए, पर गोभी लेकर ही आइएगा." (माझ्या परसातल्या फूलगोभीची टोपली त्यांच्याकडे दरसाल जाते.) मी तो हुकूम समजलो. उभ्या चाकरीत मी हुकमाबाहेर गेलो नाही, आताही जाणार नाही. गोभी नाही, तर श्रीपादही नाही.

आता यंदा थंडीच पडली नाही, त्याला मी काय करू? ऐन पौषात ग्वाल्हेरीत मी नुसत्या बंडीवर हिंडतो आहे. आंब्याला अवेळी मोहोर आला, मटार भरायच्या आधीच वाळला, आणि गोभीची पाने सुपाएवढी असून आत काही नाही. दूधवाला म्हणतो, "बाबूजी, सर्दी का भी तबादला हो गया." झाली असेल बदली. थंडी गेली म्हणून मी जाणार नाही. आमचे पूर्वज दख्खन सोडून इथे आले, ते काही दर पिढीला बिऱ्हाड हलवायला नव्हे. साहेबांची स्मरणपत्रे येतात. मी एकच उत्तर धाडतो, 'अद्याप फूल धरलेले नाही.' यात एक अक्षर खोटे नाही.

तुमच्या भगिनींना मात्र भोपाळचे वेध लागलेत (तुम्हीच लावलेत, तलावाची वर्णने लिहून). त्यांनी माझ्या वडिलांचे दरबारी पागोटे ट्रंकेतून काढले, फाडून त्याच्या पट्ट्या केल्या, आणि रोज सकाळी विहिरीच्या पाण्यात भिजवून गोभीच्या डोक्यावर ठेवू लागल्या, ताप चढलेल्या पोराला ठेवतात तशा. परसात दरबार भरल्यासारखा दिसतो. मी म्हटले, "अगं, वडिलांचा मान होता तो." तर म्हणाल्या, "दरबार राहिला नाही, गोभीचा तरी मान राहू दे." मी डगमगलो नाही. दुपारी त्यांचा डोळा लागला की पट्ट्या काढून उन्हात वाळत घालतो. (हे तुमच्यापाशीच राहू द्या.)

तेव्हा साहेब भेटलेच तर बेलाशक सांगा, श्रीपादच्या परसात फूल नाही.

आपला,
श्रीपाद
(हल्ली मुक्काम ग्वाल्हेर, आणि पुढेही)

ता. क. हे पत्र आणणारे महिपतराव मुरारचे, पूर्वी फौजेत होते. त्यांच्यासोबतच्या टोपलीत तिळगूळ आहे, असे मला सांगण्यात आले होते. आत्ता परसात गेलो, तर विहिरीमागच्या पागोट्याच्या पट्टीखाली नुसता कापलेला दांडा. (तिकडे ऊन पोचत नाही, म्हणून ती पट्टी मी कधी काढली नाही; गारव्यात फूल धरेल, हे माझ्या लक्षात यायला हवे होते.) टोपली साहेबांच्या नावाची आहे. महिपतराव टांग्यात बसले आहेत; टोपली माझ्या हाती देत नाहीत. "शामलाताईंना शब्द दिलाय," म्हणतात (म्हणजे तुमच्या भगिनींना). पत्र तेवढे घेतो म्हणाले. ते आधी तुमच्याकडे उतरतील. मोठ्या आग्रहाने जेवायला बसवा आणि आतली गोभी त्यांनाच वाढा.

दुसरा ता. क. ते जमले नाही, तर माझ्यासाठी घर बघा. खोल्या कशाही चालतील, परसातली माती तेवढी काळी हवी. आणि तिकडे यंदा थंडी पडली आहे का, ते कळवा.