साहेब येणार म्हणून घर आवरलं

२१ जाने. ८५, सोम.
बाबूकाका डंक विकून कायमचे देवगडला चालले. सहा वर्षं माझी मिरची त्यांच्याच डंकावर कुटली जाते. घरी निवडायची, भाजायची, डोक्यावरून गाळ्यात न्यायची, मसाला करून आणायचा. डंक परक्याने घेतला तर ऐन मे महिन्यात मला कोण विचारणार? सीझन गेला की वर्ष गेलं. काका म्हणाले, "गे बाय, तूच घे. शिमग्यापर्यंत थांबतंय, फुडचा माझ्या हातात नाय." पुतण्या विकायची घाई करतोय, तरी थांबतायत. देव त्यांचं भलं करो.
ह्यांना सांगितलं. गिरणी गेल्यापासून वॉचमनकी, बोलणं कमीच. म्हणाले, बँकेत जा.
बँकेत जा म्हणे. जशी माझी मावशीच बसलीये तिथे.

२४ जाने., गुरु.
मावशी नाही, पण कर्जाच्या टेबलावर एक मॅडम आहेत. अर्जावर रकाना, 'पतीचा व्यवसाय'. म्हटलं, व्यवसाय माझा आहे. त्यांनी 'पतीचा' खोडून वर 'स्वतःचा' लिहिलं आणि बाजूला सही ठोकली. एवढ्याशा गोष्टीने डोळे भरून आले माझे, बावळटासारखे.
जामीन मात्र पगारदार हवा. ह्यांना कसली पगाराची स्लिप!

२७ जाने., रवि.
शेजारच्या प्रमिलाला विचारलं. पालिकेच्या दवाखान्यात आया आहे, पक्की नोकरी. दोन दिवस तोंड उघडवेना. शेवटी नळावर म्हटलं, जामीन राहशील का गं.
"एवढंच ना? तोंड असलं केलंस, मला वाटलं नवरा मागतेस माझा."
सख्खी बहीण काय वेगळं करते?

७ फेब्रु., गुरु.
उद्या बँकेचे साहेब बघायला येणार. चार दिवस भाजणं बंद ठेवलंय, खोलीतला मिरचीचा ठसका जावा म्हणून. आज मिरचीची पोती, पाट्या, चाळण्या, तराजू, झाडून सगळं प्र.च्या खोलीत. (पुढे नुसतं प्र., हात दुखतोय.) भिंती पुसल्या. लग्नातली चादर काढली. कपबश्या तिच्याच.
प्र.ची पोरं शिंकतायत, भिंतीपलीकडून ऐकू येतं.

८ फेब्रु., शुक्र.
झकास झालं! साहेब तरुण, सभ्य. पोहे दोनदा घेतले. "घर फार छान ठेवलंय तुम्ही." इकडेतिकडे बघितलं, वहीत लिहिलं, गेले. हे दारात हात जोडून उभे.
आता काळजी नाही.

१५ फेब्रु., शुक्र.
वाट लागली.
मॅडमनी फाइल वाचून दाखवली. 'जागेवर व्यवसाय आढळला नाही. अर्जदार गृहिणी.' बस, दोन ओळी.
चाळीत आल्यावर प्र.ला सांगितलं. ती कपाळाला हात लावून खालीच बसली. "अगं, तो धंदा बघायला आला होता, मुलगी बघायला नाही!"
मग आम्ही दोघी हसलो, आणि मग मी रडले. पाहुणा येणार तर घर आवरायचं, हे आईने शिकवलेलं. पसारा दाखवायचा असतो हे कोणी शिकवलंच नाही. हे म्हणाले, "पोहे तरी तिखट करायचेस." सहा महिन्यांत पहिल्यांदा थट्टा केली त्यांनी.

१८ फेब्रु., सोम.
मॅडमना खरं ते सांगून टाकलं. वाटलं ओरडतील. हसू आवरेना त्यांना. म्हणाल्या, "माझ्या आईची शिवणाची मशीन पण पाहुणे आले की खाटेखाली जायची. आम्ही तिच्या कमाईवरच शिकलो." साध्या कागदावर पुन्हा पाहणीचा अर्ज लिहून घेतला. या वेळी वार सांगणार नाहीत. तुम्ही फक्त कामाला लागा, म्हणाल्या.
लागले.

२७ फेब्रु., बुध.
साहेब आले. भाजण्याचा मोठा घाणा चुलीवर, दारं-खिडक्या उघड्या, मी घामाने निथळतेय. जिन्यातच सहा-सात शिंका ऐकल्या, वाटलं प्र.चा धाकटा. बघते तर साहेब! बसायला तसूभर जागा नाही. खाटेवर धणे, जमिनीवर मिरची, दारात चार बायका डबे घेऊन. साहेबांनी शिंकत शिंकत विचारलं, किती वर्षं घेता? चौघी एकदम बोलायला लागल्या. एक तर म्हणाली, "ओ साहेब, हिचा मसाला नसेल तर आमच्या घरात माणसं जेवत नाहीत." मी चहासुद्धा विचारला नाही. नाकावर रुमाल धरून त्यांनी पान भरून लिहिलं. जाताना म्हणाले, त्या दिवशी हे सगळं कुठे होतं?
प्र.च्या भिंतीकडे बोट दाखवलं.

४ मार्च, सोम.
शिमगा तोंडावर आला. मॅडम म्हणाल्या, रिपोर्ट चांगला आहे, फाइल मोठ्या ऑफिसात गेली, आता त्यांच्या हातात नाही. नाही म्हणाले तर? त्या म्हणाल्या, तर पुन्हा लिहू. 'लिहा' नाही, 'लिहू' म्हणाल्या.
रिपोर्टातली एक ओळ मला मुद्दाम वाचून दाखवली. 'व्यवसाय जोरात. अधिकाऱ्यास बसण्यास जागा मिळाली नाही.'
बाबूकाका संध्याकाळी दारात. पुतण्याने गिऱ्हाईक आणलंय. काकांनी त्याला सांगितलं, शिमगो होऊंदे. म्हणजे दोन दिवस. जास्त मागायला मला तोंड नाही, थांबले तेच उपकार.
काय होईल माहीत नाही. पण एवढी माणसं माझ्यासाठी शिंकली, हे विसरणार नाही.
शिमग्याला दर वर्षी सगळं घर झाडून काढते. ह्यांनी केरसुणी घेतली होती, मी हातातून काढून घेतली. ह्या वर्षी नको. बँकेचं माणूस कधी येईल सांगता येत नाही.