चौकीवरचा एक ठिपका

प्रिय चिमणे,

तू मागितलेली आईची शाल वेगळ्या टपालाने पाठवली आहे. स्वयंपाक मला अजून साधत नाही. काल भाजी करपली. तुझी आई असती तर म्हणाली असती, “अहो, कधी गॅसकडेही त्या नकाशासारखे डोळे लावून बसा की.”

माझे काम तुला ठाऊकच आहे. वन्यप्राण्यांनी माणसांवर केलेल्या हल्ल्यांच्या नोंदी मी वनखात्याच्या संगणकावरील नकाशात भरतो. एका हल्ल्याला एक तांबडा ठिपका. “ह्यांना माणूस मेला तरी ठिपकाच दिसतो,” अशी तुझी आई थट्टा करी. परिचारिकेच्या नोकरीत तिने अशा कितीतरी ठिपक्यांच्या जखमा धुतल्या होत्या.

पुष्कळ अहवालांत नेमकी जागा नसते, आणि अक्षांश-रेखांशांवाचून सॉफ्टवेअर नोंद स्वीकारत नाही. अंदाजाने जागा ठरवणे मला अप्रामाणिकपणाचे वाटे. म्हणून अशा प्रत्येक नोंदीला मी जवळच्या वनचौकीचे आकडे देत असे. हा नियम माझाच होता आणि त्याचा मला अभिमान होता.

मागच्या आठवड्यात, नुकसानभरपाईच्या कामासाठी, तुझ्या आईच्या दवाखान्याजवळच्या वस्तीवरचे एक आजोबा कार्यालयात आले होते. मी कोण हे त्यांना माहीत नव्हते. म्हणाले, “त्या नर्सबाई आमच्याकडं नव्या होत्या हो, त्यांना ठाऊक नव्हतं. ओढ्याच्या वाटेनं आम्ही दिवस कलल्यावर पाऊल टाकत नाही. इतकी माणसं गेली तिथं.” माझ्या नकाशावर त्या वाटेवर एकच ठिपका होता, तुझ्या आईचा. तो मी स्वतः, नेमक्या जागी लावला होता.

ते गेल्यावर मी चौकीवरचा ठिपका उघडून पाहिला. त्याखाली अकरा नोंदी निघाल्या. सगळ्या एकाच जागी भरल्यामुळे एकीखाली एक झाकल्या गेल्या होत्या. नऊ नोंदींच्या शेऱ्यात ‘ओढ्याची वाट’ हे शब्द होते. ते मीच टंकित केले होते.

आई गेली त्या संध्याकाळी तू तिला फोनवर म्हणालीस, “आई, माझी सातची बस आहे, लवकर ये.” म्हणूनच ती जवळच्या वाटेने निघाली, असे तू वर्षभर मानत आलीस, आणि मी ते मानू दिले. तुझ्या फोननंतर तिने मला फोन केला होता. “अहो, ओढ्याच्या वाटेनं निघू का? काय म्हणतो तुमचा नकाशा?” मी नकाशा पाहिला आणि वाट निर्धोक असल्याचे सांगितले. ती हसून म्हणाली, “साहेबांचा शिक्का मिळाला. निघते.” उद्या हे सारे मी वरिष्ठांना लेखी कळवणार आहे, परंतु ते आधी तुला कळणे आवश्यक होते. वर्षभर तू जो दोष वाहिलास तो तुझा नव्हे. तो माझा आहे. तो मला परत दे.

तुझाच,
बाबा