शाखेची खोली आणि वहीत नसलेले नाव

मृत्युपत्र लिहून ठेवणार मी, चांगुणाबाई देवानंद खरात, वय ७२, काम शिवणकाम व पक्षाचे, राहणार तीर्थपुरी, तालुका घनसावंगी, जिल्हा जालना. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. ज्याला शंका असेल त्याने मला आमच्या वॉर्डाची मतदारयादी विचारावी, घर सोडून गेलेल्यांसकट सांगते. हे मी कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. सांगणारे पुष्कळ होते, म्हणून तर लिहायला बसले.

कलम १. माझ्या नावावर बसस्टँडजवळ दहा बाय बाराची पत्र्याची खोली आहे. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस काकासाहेब वाघमोडे यांचा शेळ्यांचा गोठा, दक्षिणेस टेलरचे दुकान, उत्तरेस लिंबाचे झाड. सन १९८५ पासून तिथे आमच्या पक्षाची शाखा भरते. माझा मुलगा मिथुन याला तिथे त्याच्या नव्या पक्षाची पाटी लावायची आहे. त्याने आजवर तीन पक्ष बदलले. प्रत्येक वेळी पेढे घेऊन आला आणि खोली मागितली. पेढे मी खाल्ले, खोली दिली नाही.

कलम २. खोली कोणाला हे सांगण्याआधी मागच्या वर्षीचे सांगणे भाग आहे. शाखेच्या अध्यक्षाची निवड होती. मी हात वर केला. तालुक्याहून आलेले निरीक्षक यादी बघून म्हणाले, "आजी, तुमचं नाव न्हाई यात. हात खाली घ्या." मला वाटले थट्टा करून राह्यले. सभासदांच्या चाळीस वर्षांच्या वह्या काढल्या. बहुतेक माझ्या नवऱ्याच्या अक्षरातल्या, ते गेल्यानंतरच्या त्यांवरूनच उतरवलेल्या. त्यात दोन मेलेली माणसे होती. आष्टीचा माझा भाऊ होता, जो फक्त जेवायला यायचा. मी नव्हते.

आमच्याकडे रीतच अशी की एका घराची सभासदत्वाची एक पावती, तीही कर्त्या पुरुषाच्या नावाने. "घरचंच माणूस हाय, तिची कशाला फाडायची?" असे हे म्हणाले असणार. यांना जाऊन अकरा वर्षे झाली, म्हणून भांडण फोटोशी करावे लागले. खोली माझी, सतरंजी माझी, चहा माझा, आणि त्या सभेत बाहेरची तेवढी मीच. मला फार वाईट वाटले. हे गेल्यावर त्या खोलीत बसले की मला बरे वाटायचे, तेही बंद झाले. चहा त्या दिवशी सगळ्यांना दिला, साखर घातली नाही. निरीक्षक तसाच प्याले.

तेव्हापासून माझ्या जिवाला एकच घोर आहे, की चाळीस वर्षे मी पक्षाची होते का नव्हते.

कलम ३. सत्त्याण्णव साली जिल्हा परिषदेला आमचा उमेदवार पडला, डिपॉझिटसुद्धा गेले. दुसऱ्या दिवशी खोलीकडे कोणी फिरकले नाही. जीपमध्ये पुढे बसणाऱ्या सगळ्यांना एकदम शेतातली कामे आठवली. हे तर तोंडावर पांघरूण घेऊन झोपले होते. मी एकटी खोलीसमोर अंथरलेली सतरंजी काढायला गेले. वीस हाताची सतरंजी एका माणसाला झटकता येत नाही. तेवढ्यात आमच्या गल्लीतली द्वारकाबाई खुरपणीहून परस्पर आली, दुसरे टोक धरले आणि म्हणाली, "एकटी कशी झटकशील, वहिनी? मला हाक मारायची ना." तिचीही पावती कधी कोणी फाडली नव्हती. तेव्हापासून पक्षातला माणूस मी तसाच ओळखते. निकालाच्या दुसऱ्या दिवशी टोक धरायला कोण येते, तेवढे बघते.

द्वारकाबाई आता नाही. तिची मुलगी शिवकन्या शाखेची सचिव आहे, आणि उमेदवार पडल्यावरही येते. म्हणून खोली मी शिवकन्येला देते. अट एकच, की घरातल्या प्रत्येक बाईची पावती तिच्या स्वतःच्या नावाने फाडायची.

कलम ४. राहते घर मिथुनला. शिलाई मशीन आणि सोन्याचे मणी सूनबाई रूपाली हिला. कोणाला मत दिले ते तिने मला कधी सांगितले नाही, हुशार आहे. सतरंजीसुद्धा मिथुनला. तो कोणत्याही पक्षात असो, सभा झाली की त्याने ती स्वतः झटकावी. दुसरे टोक रूपालीला धरायला लावू नये, पक्षातला माणूस शोधावा. मिळाला नाही तर पुढचा पक्ष बघावा. मिथुन, मी रागावलेली नाही. तू पडलास तेव्हा दोन्ही वेळा तुझी सतरंजी मीच काढली, माझा पक्ष दुसरा असून.

कलम ५. प्रचाराचा भोंगा काकासाहेबांना द्यायचा होता. ते कायम समोरच्या पक्षात. एका निवडणुकीत त्यांच्या शेळ्यांनी आमची सगळी पोस्टरे खाल्ली, खळ मैद्याची होती. मी भांडायला गेले तर म्हणाले, "वहिनी, माझीबी खाल्ली की. त्या कुणाच्याच न्हाईत." पण वकील म्हणाले, ज्याला काही मिळते तो साक्षीदार नसलेला बरा. काकासाहेबांना विचारले, भोंगा का साक्ष? ते म्हणाले, "साक्ष. भोंगा लई ऐकला तुमचा." म्हणून भोंगा शाखेलाच राहू द्यावा.

कलम ६. तालुक्याहून निरोप होता, की आजींचा शाल-नारळ देऊन सत्कार करू. मी नको म्हणाले. आज सकाळी शिवकन्या पावतीपुस्तक घेऊन घरी आली. म्हणाली, "मावशी, पंच्याऐंशीची तारीख टाकू का? कोण बघतंय?" मी म्हणाले, "न्हाई. खोटं कशाला? आजची टाक." तेव्हा आजपासून मी शाखेची सगळ्यात नवी सभासद आहे. पावती सोबत जोडली आहे. मागच्या चाळीस वर्षांना कागद नाही, ते तसेच सोडून देते.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण: तीर्थपुरी
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५

(सही) चांगुणाबाई देवानंद खरात, सभासद

साक्षीदार १: (सही) बेबीनंदा गायकवाड, निवृत्त शिक्षिका

साक्षीदार २: (सही) काकासाहेब वाघमोडे. बाईंनी माझ्यासमोर सही केली. कलम सहा मी वाचले, ते मला पटलेले नाही, म्हणून जास्तीचे लिहितो. मी चाळीस वर्षे यांच्या पक्षाच्या विरोधात काम केले. प्रत्येक निवडणुकीला आम्ही बसायचो तेव्हा पहिला प्रश्न असायचा, चांगुणाबाई काय करून राह्यल्या? त्यांच्या अध्यक्षाचे नाव आम्हाला पुष्कळदा आठवायचे नाही. बाई १९८५ पासून त्याच पक्षाच्या आहेत, याचीही मी साक्ष देतो.