मड्डमेचं घर

कुंडल,
५ नोव्हेंबर १९४६

सौ. आक्कास अंजनाचा नमस्कार. दाजींना आम्हा उभयतांचा दंडवत, आणि बनूला तिच्या आईचे पुष्कळ पुष्कळ पापे.

इकडे सगळे बरे आहोत. तुम्हीही बरे असालच. बनूच्या पत्रावरून तर फारच बरे दिसता. भुईमुगाच्या शेंगा वाळवून आत घेतल्या. म्हैस व्यायली, रेडी झाली. खरवस केला तेव्हा सवयीनं बनूची वाटी बाजूला काढून ठेवली. मग ती सयाजीनं खाल्ली. आता तो घरभर पळतो, त्याच्या मागं मीही पळते.

दिवाळीला बनूला पाठवते म्हणाली होतीस. मी अनारसे करून वाट बघितली. मग तुझं पत्र आलं की परीक्षा जवळ आली आहे, तिला सर्दी झाली आहे आणि मोटारीला गर्दी फार असते. आक्का, यातलं एकच कारण दिलं असतंस तर खरं वाटलं असतं गं.

पोलिसांच्या धाडी गावावर पडायच्या तेव्हा मीच तिला तुझ्याकडं पोचवलं, हे मी विसरले नाही. घराघरात शिरून माणसं उचलत होते, अशा वेळी तू तिला पोटाशी धरलंस. पण आता धरपकड संपली. गाव शांत आहे. एवढंच लिहिते.

बनूचं पत्र चार पानी आहे. त्यातली साडेतीन पानं बाहुलीवर. दाजींनी लढाईवरून येताना इटलीतली बाहुली ट्रंकेत घालून आणली होती, ती पाडव्याला बनूला दिली म्हणे. सोनेरी केस, निळे डोळे, पायात उंच टाचांचे बूट. तिचं नाव मड्डम. मावशीनं मशीनवर तिला निळा झगा शिवला, पिवळा झगा शिवला, लेस लावलेला परकर शिवला आणि टोपीही शिवली. आमच्याकडं रेशनवरचं लुगडं मिळवायला रांगेत उभं राहून पाय सुजतात, आणि साताऱ्यात बाहुलीला रोज नवा झगा! हे चेष्टेनं लिहिते हं, रागावू नकोस.

पत्राच्या शेवटी बनू लिहिते, मड्डमेला कपडे आहेत पण राहायला घर नाही, बिचारी ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांत निजते. ते वाचलं आणि माझ्या डोक्यानं घेतलं. झगे तू शिवलेस ना, मग घर मी करते. मला मशीन चालवता येत नाही, पण हात आहेत. मड्डमेची उंची किती ते बनूला कळवायला सांग.

तुझी,
अंजना

•

कुंडल,
२ जानेवारी १९४७

सौ. आक्कास नमस्कार.

तुझं पत्र आणि बनूची चिठ्ठी पोचली. 'मड्डम बरोबर दोन वीत उंच आहे' एवढीच चिठ्ठी. आता माझी वीत घेऊन कसं चालेल? चुलीमागच्या भिंतीवर बनूच्या हाताचा गेरूचा पंजा आहे, ती तुझ्याकडं यायच्या आधीच्या दिवाळीतला. सारवताना मी तेवढी जागा सोडत आले आहे. त्या पंजावर सुतळी धरली, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, दोनदा. वर बोटभर सूट ठेवली, आणि ती सुतळी कोंडीबा सुताराच्या हातात दिली.

चहाचं एक खोकं मिळालं होतं, त्याचं घर केलंय. सुतळीच्या मापावर आत माळा घातला. पुढची फळी बिजागरीवर खाली पडते, ती पडली की अंगण होतं. अंगणात तुळस. कोंडीबा म्हणाला, "वैनी, आवं घर हाय का तमाशाची पेटी? उघडली की खेळ सुरू!" मी म्हटलं, पेटीच पाहिजे. सातारारोडपर्यंत गाडीनं आणि पुढं मोटारीनं न्यायची आहे. वर धरायला सुंभाची मूठ केली.

भिंती आधी मातीनं लिंपल्या, तर वाळून पोपडे निघाले. मग खळ लावून जुन्या धोतराचं फडकं चिकटवलं आणि त्यावर चुना दिला, खाली गेरूचा पट्टा. आता पेटी आपटली तरी भिंत पडायची नाही. खिडकी पाडून तिच्याखाली चूल केली, भाकरीचा तवा केला, खापरीचा तुकडा घासून घासून जातं केलं. ते फिरतं, आक्का! हरणाबाई धनगरणीनं घोंगडीचा तुकडा दिला, तो अंथरला. मड्डमेला बसायला पाट आहे, बनूच्या वडिलांचा वेगळा, माझा वेगळा, बनूचा वेगळा, सयाजीचा इवलासा. प्रत्येक वस्तूला खालून भोक पाडून ती दोऱ्यानं तळाशी बांधली आहे, पेटी उलटी केली तरी एक भांडं हलत नाही.

आत्याबाईंना हे काही पटलेलं नाही. आल्या गेल्याला सांगतात, "सून माजी शानी. लेकीला आनायची सोडून भावलीला घर बांदतीया." बनूचे वडील आधी हसायचे. परवा मात्र माझ्याजवळ येऊन बसले, जातं बोटानं फिरवून बघितलं आणि म्हणाले, "लय झ्याक केलंयस. पर पोरीला आनायचं इचारलंस का आक्कांना?"

तुझ्या पत्रात तू जे लिहिलंस, की बनूला कायमची आमच्याजवळच राहू दे, तुला सयाजी आहे, पुढं आणखीही होतील, मला कोण आहे, त्याबद्दल समक्ष बोलू. अशा गोष्टी पत्रात लिहू नयेत. मी मात्र ते पत्र फार वेळा वाचलं.

संक्रांतीला येते. बनूला पेटीचं सांगू नकोस. मला तिचं तोंड बघायचं आहे.

तुझी,
अंजना

•

कुंडल,
२० जानेवारी १९४७

सौ. आक्कास,

सुखरूप पोचले. गाडीत बसायला जागा मिळाली. सयाजीनं वाटेत तुझे सगळे तिळाचे लाडू संपवले.

समक्ष बोलू असं लिहिलं होतं आणि तोंडाला कुलूप लावून परत आले. तूही विचारलं नाहीस. तू हळदीकुंकवाची वाणं मोजत बसलीस, मी शेंगा सोलत बसले. म्हणून आता लिहिते, आणि जे तुझ्यासमोर बोलता आलं नाही ते सगळं लिहिते. मधेच पत्र टाकून देऊ नकोस.

पेटी उघडली तेव्हा बनूचा चेहरा काय झाला होता! फळी खाली पडली, अंगण झालं, आणि ती एकदम म्हणाली, "आई, हे आपलं घर हाय!" त्या एका वाक्यासाठी मी सगळी खटपट केली होती. तू दारात उभी होतीस. मी तुझ्याकडं बघितलं. कशी जिरली, असं बघितलं. तुला ते कळलं असणार, तू लगेच दुसरीकडं बघितलंस.

आणि मग तिनं मड्डमेला आत उभं केलं.

टोपी काढली तरी डोकं माळ्याला अडकलं. वाकवून बघितलं, तर त्या बयेचे गुडघेच वाकत नाहीत. तिला मांडी घालता येत नाही, पाटावर बसता येत नाही, जात्याशी बसता येत नाही. दाजी बिचारे माझी समजूत काढायला म्हणाले, "फिकीर करू नका आंजनाबाई. फौजेत तंबू बुटका पडला तर आमी खाली खड्डा खंदायचो." सगळे हसले. मीही हसले. बनूनं मड्डमेला घोंगडीवर आडवी केली आणि म्हणाली, "दमलीया ती. निजू दे."

मी तिला म्हटलं, तूच लिहिलं होतंस दोन वीत. ती म्हणाली, "व्हय की, दोनच वीत हाय." आणि मड्डमेवर हात ठेवून दाखवलं. अंगठा बुटाला, करंगळी कमरेला, पुन्हा अंगठा कमरेला, करंगळी केसांना. बरोबर दोन.

मी तिचा हात माझ्या हातावर घेतला. तिची करंगळी माझ्या करंगळीच्या शेवटच्या पेराला लागत होती. कोंडीबा चुकला नाही, सुतळी चुकली नाही. मी भिंतीवरच्या हाताचं माप घेतलं, आणि हात तर साताऱ्यात वाढत होता. तुझ्या घरच्या दुधावर, तुझ्या हातच्या भाकरीवर. आक्का, त्या वेळी मला तुझा इतका हेवा वाटला की तोंडात कडू पाणी आलं. तुझी मशीन, तिथली शाळा, तुमचा पगार, ह्याचा नाही वाटला. ती बोटं रोज थोडी थोडी वाढताना तू बघितलीस, त्याचा वाटला. तू आत जाऊन चहा ठेवलास. हसली असतीस तर मला भांडता तरी आलं असतं.

आता जे तू बघितलं नाहीस ते.

दुपारी तू वाणाचं सामान आणायला पेठेत गेलीस. सयाजी निजला होता. बनू पेटीपुढं बसून एकेक पाट मोजत होती. हा बाबांचा, हा आईचा, हा माझा. मग मान वर करून विचारलं, "आई, ह्यात मावशी कुठं बसती?"

मी म्हटलं, मावशीचं घर साताऱ्याला आहे.

ती म्हणाली, "मग मी बी साताऱ्यालाच हाय की. माजा पाट कसा केलास?"

तिला उत्तर नकोच होतं. ती उठली, रिकामी काड्यापेटी आणली, तिला बटणाचं चाक लावलं, टाचणी टोचली, खालून काड्यांचे पाय दिले. मशीन झाली. तू टाके घालायला बसावंस इतकी हुबेहूब. मग ती खिडकीखाली ठेवायला निघाली, पण तिथं माझी चूल होती. मी घट्ट बांधलेला दोरा तिनं दातानं तोडला, चूल कोपऱ्यात सरकवली आणि मशीन खिडकीशी लावली. मला म्हणाली, "मावशीला उजेड लागतो. न्हाईतर तिचं डोळं दुखत्यात."

तुझे डोळे दुखतात हे मला ठाऊक नव्हतं, आक्का. तू माझी सख्खी बहीण.

ती पाणी प्यायला आत गेली तेव्हा मी ती मशीन उचलली आणि ओच्यात टाकली. विचार केला नाही, लाज वाटली नाही. हळदकुंकू घेताना ती माझ्या पोटाला टोचत होती आणि मला बरं वाटत होतं. आई असून पोरीचं खेळणं चोरलं.

काल बनूचं पत्र आलं. मशीन हरवली म्हणून लिहिलंय. पुढं लिहिलंय की मावशीनं सगळं घर शोधलं, ट्रंका ओढल्या, मोरीत हात घालून बघितलं, केरातही बघितलं, आणि बनूनं नवी करून देते म्हटलं तर मावशी म्हणाली, "न्हाई गं, तीच पायजे."

ते वाचून मी आत्याबाईंसमोर रडले. त्यांनी कारण विचारलं तर मशीन काढून दाखवली. त्यांनी ती हातात घेतली, चाक फिरवून बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "दिऊन टाक बया. काड्यापेटीसाटी बहीन तोडशील."

रविवारी बनूचे वडील येत आहेत. शेंगांच्या पिशवीत वर फडक्यात गुंडाळून ती मशीन ठेवली आहे. एक काडीचा पाय मोडला होता, तो मी खळीनं चिकटवला. कुणी नेली होती ते बनूला सांगायचं की नाही ते तू ठरव. सांगितलंस तरी मी रागावणार नाही. मड्डमेसाठी माळा काढायला दाजींना सांग, माझी हरकत नाही.

तुझ्या त्या विचारण्याचं उत्तर. बनूला राहू दे. सातवी होईपर्यंत राहू दे, आणि पुढं तिला शिकायचं असलं तर पुढंही. घर मी बांधलं, पण त्यात तुला जागा मी ठेवली नाही, तिनं ठेवली. माझी चूल तिनं फेकली नाही, सरकवली. एवढं मला पुरवून घ्यावं लागेल. शाळेत नाव मात्र तिच्या बापाचंच राहील. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती इकडे येईल, त्या वेळी सर्दीही नको आणि गर्दीही नको.

मला हेवा वाटायचा थांबेल असं समजू नकोस. तो तसाच आहे, आता हे लिहिताना सुद्धा आहे. तू तिची वेणी घालतेस त्या वेळेला इकडे माझे हात शिवशिवतात.

आणखी एक. तुझ्या मनात काय आहे ते मला कळतं, तू कधी बोलली नाहीस तरी. एखाद्या दिवशी घाईगर्दीत, झोपेत, नाहीतर मुद्दाम, तिनं तुला आई म्हणून हाक मारली, तर तिला अडवू नकोस. ओ दे.

फक्त मला कळवू नकोस.

तुझी धाकटी,
अंजना